साखरेची वही

श्रोतेहो, नमस्कार.

शिवाजीनगर कोर्टात मी वकिली करते. काही वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडे आल्या आणि पिशवीतून शाळकरी दोनशे पानी वही काढून टेबलावर ठेवली. नवरा मधुमेही, लहानपणापासून इन्सुलिनवर. रोज सकाळ-रात्र साखर मोजायची आणि वहीत लिहायची, हा त्यांचा अकरा वर्षांचा नेम. साखर चढली की आकडा लाल शाईत. शेवटची नोंद एका मंगळवारी सकाळची. रात्रीचा रकाना कोरा, आणि पुढची सगळी पानं कोरी. "ताई, सगळे म्हणतात वैतागून गेले असतील, येतील परत. पण इन्सुलिन फ्रिजच्या दारात तसंच आहे हो. ते न घेता हा माणूस दोन दिवससुद्धा बाहेर राहिला नसता."

बाईंचं नाव-गाव मी सांगणार नाही. पण वैतागून निघून गेलेला माणूस आणि मारलेला माणूस, या दोघांतला फरक त्यांनी त्या वहीतून बरोबर ओळखला होता.

मृतदेह सापडला नाही तर खून शाबीत होत नाही, असा समज आपल्याकडे फार पक्का आहे. गुन्हेगारांनाही तो असतो, म्हणून तर ताम्हिणीच्या दऱ्या नि नदीचे डोह आठवतात. कायदा तसं म्हणत नाही. 'रामानंद विरुद्ध हिमाचल प्रदेश राज्य' या 1981 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मृतदेह मिळालाच पाहिजे अशी अट नाही. मृत्यू झाला आणि तो घातपातानं झाला, हे इतर पुराव्यानं खात्रीनं सिद्ध व्हायला हवं.

ही खात्री मात्र फार कडक हवी, आणि त्याला कारण आहे. इंग्लंडात कॅम्पडेन गावचा विल्यम हॅरिसन 1660 साली नाहीसा झाला. त्याचा नोकर, नोकराची आई आणि भाऊ अशा तिघांना फासावर चढवलं. 1662 साली हॅरिसन जिवंत परत आला. असा एक माणूस दारात उभा राहिला तर तीन जीव कोण परत देणार? न्यायाधीशाच्या डोक्यात ही भीती असायलाच हवी, असं मला मनापासून वाटतं.

पुण्यातल्याच एका विवाहितेच्या मृत्यूचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. तिथे मृतदेह होता, पण पुरावा परिस्थितीजन्य. 1984 साली न्यायालयानं फाशी रद्द करून आरोपीला सोडलं आणि अशा पुराव्यासाठी पाच कसोट्या घालून दिल्या. त्यांचं सार मी नव्या वकिलांना मराठीत सांगते: 'यानं केलं असेल' आणि 'यानंच केलं असलं पाहिजे', या दोन वाक्यांमध्ये जे अंतर आहे, ते अंदाजानं ओलांडायचं नाही. साखळीची एकेक कडी जुळवत जायचं.

आमच्या खटल्यात या कड्या फार साध्या माणसांनी दिल्या. मेडिकलवाल्यानं सांगितलं, हे गृहस्थ दर महिन्याला न चुकता इन्सुलिन न्यायचे, त्यानंतर आलेच नाहीत. डॉक्टरांनी इन्सुलिन बंद झालं तर काय होतं ते कोर्टाला समजावलं. बँक खात्यातून एक रुपया निघाला नव्हता. शेवटचे ते धंद्यातल्या भागीदाराच्या गाडीत बसताना दिसले होते, आणि ते दिसलं एका बेकरीच्या सीसीटीव्हीत. बाईंच्या धाकट्या दिरानं चौथ्या दिवशी बेकरीवाल्याकडून ते फुटेज मागून घेतलं म्हणून राहिलं. अशा कॅमेऱ्यात काही दिवसांनी जुन्यावर नवं रेकॉर्डिंग चढतं. नंतर त्याच गाडीच्या डिकीतल्या रक्ताचा डीएनए मुलाच्या डीएनएशी ताडून पाहिला. भागीदाराचं म्हणणं, 'मी त्यांना स्वारगेटला सोडलं.' मोबाइलचं टॉवर लोकेशन त्या वेळी भलत्याच दिशेला होतं.

म्हणून एक कळकळीनं सांगते. घरातलं माणूस नाहीसं झालं तर चोवीस तास थांबा, असा कुठलाही नियम नाही. त्याच दिवशी मिसिंग दाखल करा. त्याच्या रोजच्या सवयी कागदावर लिहून द्या: कुठली गोळी, कुठला चहावाला, रात्री कोणाला फोन. तुम्हाला त्या क्षुल्लक वाटतील. तपास तिथूनच सुरू होतो.

नवी मुंबईच्या सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे-गोरे एप्रिल 2016 पासून बेपत्ता होत्या. मृतदेह मिळाला नाही. तरी त्यांच्याच खात्यातल्या अधिकाऱ्याला पनवेलच्या न्यायालयानं जन्मठेप दिली, ती एप्रिल 2025 मध्ये. नऊ वर्षं घरच्यांनी पिच्छा सोडला नाही.

ही वाट पाहणं काय असतं, ते पुण्याला जुनं ठाऊक आहे. 1761 साली पानिपतावर भाऊसाहेब पडले, तरी पार्वतीबाईंनी वैधव्य मानलं नाही. पुढे भाऊंचा तोतयाही उभा राहिला. आजही धर्मानं पळसाच्या पानांचा देह करून अग्नी देता येतो, कायद्यानं सात वर्षं काही ठावठिकाणा नसेल तर माणूस मृत धरता येतो. पण मन तारीख मागतं.

बाईंना ती निकालानं मिळाली. भागीदाराला जन्मठेप झाली. त्या दिवशी कोर्टाच्या जिन्यात त्यांनी मला एकच विचारलं, "वही परत कधी मिळेल?" वहीवर कोर्टातला पुरावा म्हणून निशाणी क्रमांक पडला होता, आणि अपील उच्च न्यायालयात जाणार होतं. मी अर्ज करून त्यांना वहीची नक्कल काढून दिली. लाल शाईचे आकडे त्यात काळेच आले. त्यांनी घरी जाऊन लाल पेन घेतलं आणि एकेक आकडा आठवून गिरवला.

नमस्कार.