स्नायूतला निरोप पोचतो कसा आणि टिकतो किती

हे स्क्रीनवर लांबच लांब दिसतंय ना, ही सगळी मिळून एकच पेशी आहे बरं का. स्नायूचा एक तंतू. काही तंतू तर कित्येक सेंटिमीटर लांब, आणि एकेकात शेकडो, कधी हजारो केंद्रकं, तीही बहुतेक सगळी कडेला सरकलेली, कारण मधली जागा आकुंचन पावणाऱ्या प्रोटीनच्या दोऱ्यांनी गच्च भरलेली असते. आता केंद्रकात एमआरएनए तयार झाला, म्हणजे प्रोटीन बनवायचा निरोप निघाला, पण एवढ्या दाटीतून तो जाणार कसा? टायटिन या स्नायूतल्या अवाढव्य प्रोटीनचा एमआरएनए एक लाखाच्या आसपास रासायनिक अक्षरांचा असतो, एवढं धूड नुसतं तरंगत लांब जाणं अवघडच. त्याला ओढून नेतात. मायक्रोट्यूब्यूल नावाच्या बारीक नळ्यांवरून कायनेसिन हे मोटर प्रोटीन असा माल वाहतं. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत या नळ्या मोडल्यावर आरएनए केंद्रकांभोवतीच साचून राहिला.

बरं, पोचला तरी टिकायला हवा. ते बरंचसं ठरतं एमआरएनएच्या शेवटच्या भागावर, जिथून प्रोटीन बनतच नाही. पेशीला स्नायू बनवायला लावणाऱ्या मायोजेनिन या प्रोटीनचं बघा. पेशी अजून स्नायू झालेली नसते तेव्हा केएसआरपी हे प्रोटीन त्याचा एमआरएनए धरून पटकन नष्ट करायला लावतं, मग वेळ आली की पी38 हे एन्झाइम केएसआरपीला फॉस्फेट चिकटवतं, त्याची पकड सुटते आणि निरोप जास्त वेळ जगतो.

या भागातलं एक अक्षर बदललं तर काय होतं? टेक्सेल जातीची मेंढरं बघा, कसली पिळदार असतात! मायोस्टॅटिन स्नायूंची वाढ रोखतं, आणि यांच्यात ते प्रोटीन अगदी नॉर्मल आहे, फक्त एमआरएनएच्या शेपटात जी च्या जागी ए आलाय. तेवढ्याने स्नायूतले मायक्रोआरएनए, म्हणजे एमआरएनएला चिकटून त्याचं काम दाबणारे छोटे आरएनए, एमआयआर-1 आणि 206, तिथे चिकटतात आणि मायोस्टॅटिन कमी बनतं. हे 2006 मध्ये समोर आलं, आणि मला अजूनही याचं नवल वाटतं.

माणसात मात्र अशीच गडबड फार त्रास देते. मायोटॉनिक डिस्ट्रॉफी या स्नायूंच्या आनुवंशिक आजाराच्या पहिल्या प्रकारात डीएमपीके जीनच्या शेपटात सीटीजी ही तीन अक्षरं पन्नासपासून हजारो वेळा रिपीट होतात. तो आरएनए केंद्रकातच गोळा होऊन अडकतो आणि एमबीएनएल नावाची, एमआरएनएचे तुकडे नीट जोडायला मदत करणारी प्रोटीन स्वतःकडे ओढून धरतो. मग एमबीएनएलची नेहमीची कामं बिघडतात, स्नायूला सैल व्हायला मदत करणाऱ्या क्लोराइड चॅनल या प्रोटीनचा एमआरएनए चुकीचा जोडला जातो, त्यात मधेच थांबायचा सिग्नल येतो, पेशी तो सदोष समजून तोडून टाकते, आणि माणसाने कुणाशी हात मिळवला तर त्याची मूठ लवकर सुटत नाही.

तो अडकलेला आरएनएच तोडायची औषधं आता पेशंटवरच्या चाचण्यांपर्यंत आली आहेत, आणि त्यातलं सगळ्यात कठीण काम म्हणजे ती औषधं स्नायूच्या पेशीत, थेट केंद्रकापर्यंत पोचवणं.