सोलरवाला गच्चीवरून खाली उतरायच्या आधी

नमस्कार मंडळी. दिवाळी सरली की गच्च्यांवर सोलर बसवायची गडबड सुरू होते, तर आज त्याच घरच्या सोलर वॉटर हीटरबद्दल बोलायचंय, पण कुठल्या कंपनीचा घ्यावा, कुठली ऑफर चांगली, यात मी वेळ घालवणार नाही, ते दुकानवाले तुम्हाला न विचारता सांगतात. मला बोलायचंय ते माल गच्चीवर चढल्यापासून दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूमच्या नळाला गरम पाणी येईपर्यंतच्या कामाबद्दल. कारण वर्षानुवर्षं हेच काम करताना मला एक गोष्ट पक्की कळलीय, की सोलर बिघडतो तो बहुतेक वेळा टाकीमुळे नाही, पाणी तापवणाऱ्या काचेच्या ट्यूबमुळे पण नाही, पाइपाच्या जोडकामामुळे बिघडतो, आणि ते जोडकाम चाललेलं असतं तेव्हा घरचं कुणीच गच्चीवर नसतं.

आधी एक गोंधळ मिटवू. सोलर म्हटलं की हल्ली डोक्यात येते ती पीएम सूर्यघर योजना, २०२४ च्या फेब्रुवारीत आलेली, ३ किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान देणारी. ती वीज तयार करणाऱ्या पॅनेलसाठी आहे. पाणी तापवणाऱ्या सोलरला त्यातून पैसे मिळत नाहीत, त्यामुळे त्या योजनेचं नाव सांगून कोणी आगाऊ रक्कम मागितली तर देऊ नका. पुणे महापालिका मिळकतकरात सवलत देते, पण त्यासाठी सोलर नुसता गच्चीवर असून भागत नाही, तो चालू असावा लागतो.

किती लिटरचा घ्यायचा हे पटकन सांगतो. ६० अंशांचं १०० लिटर पाणी आणि २० अंशांचं १०० लिटर थंड पाणी मिसळलं की ४० अंशांचं २०० लिटर होतं, म्हणजे आंघोळीला अगदी बरोबर. चार माणसांच्या घराला १०० ते १५० लिटरमध्ये भागतं. आणि १०० लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला साधारण ४ युनिट वीज लागते, ती रोजची वाचते, हिशोब तुमचा तुम्ही करा.

आता जागा. पॅनेलचं किंवा ट्यूबचं तोंड दक्षिणेला, हे सगळ्यांना माहीत असतं. फसगत होते ती सावलीत. मे महिन्यात जागा बघायला माणूस येतो, तेव्हा पुण्यात ऐन दुपारी सूर्य डोक्यावर असतो, शून्य सावलीचा दिवसच मेच्या मध्यावर येतो, त्यामुळे सगळी गच्ची उन्हात दिसते आणि तो म्हणतो कुठंही बसवा. पण डिसेंबरच्या शेवटी पुण्यात भर दुपारी सुद्धा सूर्य ४८ अंशांपर्यंतच चढतो. दक्षिणेकडे १० फुटी भिंत असेल तर तिची सावली दुपारी १२ ला सुद्धा ९ फूट लांब पडते, सकाळी ९ ला तर विचारूच नका. आणि गरम पाणी हवं असतं ते नेमकं या थंडीतच. म्हणून शेजाऱ्याची पाण्याची टाकी, जिन्याची खोली, नारळाचं झाड, सगळं डिसेंबरच्या हिशोबाने बघा. दिशा मोबाइलच्या कंपासवर बघत असाल तर लोखंडी स्टँडपासून लांब उभं राहून बघा, लोखंडाजवळ काटा भरकटतो.

स्टँडखाली नेहमी सिमेंटचे ठोकळे करून घ्या, स्लॅबला भोकं पाडून बोल्ट मारायला बघत असतील तर नाही म्हणा, वॉटरप्रूफिंग एकदा फुटलं की पहिल्याच पावसाळ्यात खालच्या खोलीत ओल येते. ठोकळे मात्र चांगले वजनदार पाहिजेत आणि स्टँड त्यात घट्ट आवळलेला पाहिजे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा रायगडात पत्र्यांचं काय झालं ते आपण पाहिलंय, कोकणात तरी याबाबतीत हयगय नको. वजनाचं म्हणाल तर १५० लिटरची टाकी म्हणजे दीडशे किलो पाणी, शिवाय प्रत्येक लांब ट्यूबमध्ये अडीच लिटरच्या वर पाणी मावतं आणि अशा १५ ट्यूब असतात, तेव्हा स्टँड शक्यतो बीमच्या वर येऊ द्या. आणि टाकी पाणसळ लावून समपातळीत बसवून घ्या, नुसती नजरेने नको.

आता मुख्य भाग, पाइप. नीट ऐका, कारण सगळं इथंच ठरतं.

साध्या, म्हणजे बिनप्रेशरच्या सोलरला पंप नसतो. थंड पाण्याची टाकी वर, सोलरची टाकी तिच्या खाली, पाणी आपल्या वजनाने उतरतं. थंड पाण्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या डोक्यापेक्षा वर असलाच पाहिजे. तो खाली असेल तर वरची टाकी अर्धी झाली की सोलरमधलं गरम पाणी नळाला यायचंच बंद होतं, आणि लोक म्हणतात सोलर सकाळी चालतो, संध्याकाळी चालत नाही. थंड पाणी सोलरमध्ये शिरतं तिथे पाइपाला खाली वाकवून इंग्रजी यू सारखा वळसा द्यायचा आणि एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, लावायचा. गरम पाणी हलकं असतं, ते मिळेल त्या वाटेनं वर चढतं, वळसा नसला तर रात्रभर ते थंड पाण्याच्या टाकीकडे चढत राहतं.

मग एअर व्हेंट. सोलरच्या टाकीच्या डोक्यातून निघणारा हा उघडा पाइप, तो थंड पाण्याच्या टाकीतल्या सगळ्यात वरच्या पातळीपेक्षा उंच न्यायचा आणि त्याच्यावर कुठलाही व्हॉल्व्ह, कॅप, बूच लावायचं नाही. कुठलंही म्हणजे कुठलंही. तिथून थोडं पाणी उडतं म्हणून कॅप लावून बंद केलेले व्हेंट मी पाहिलेत. वाफेला आणि हवेला जायला यायला तीच वाट आहे, ती बंद केली तर आतून दाब येऊन टाकी फुगते, किंवा पाणी खेचलं गेल्यावर आत पोकळी होऊन टाकी चिमटते. व्हेंटमधून सतत पाणी पडत असेल तर त्याचं कारण दुसरीकडे आहे, ते शोधा.

ते कारण बहुतेकदा बाथरूममध्ये सापडतं. हल्ली घराघरात थंड पाण्याच्या लाईनला प्रेशर पंप बसवतात, शॉवर जोरात यावा म्हणून. आणि खाली असतो मिक्सर, ज्यात थंड आणि गरम एकत्र येतं. आता समजा कोणी मिक्सरचे दोन्ही कॉक उघडे ठेवले आणि पाणी बंद केलं पुढच्या हँड शॉवरच्या बटणाने. थंड लाईनला पंपाचा जोर, गरम लाईनला फक्त गच्चीच्या उंचीचा, मग थंड पाणी मिक्सरमधून उलटं गरम लाईनमध्ये घुसतं, चढत चढत सोलरच्या टाकीत जातं आणि तिथून व्हेंटमधून बाहेर. वरचं तापलेलं पाणी गच्चीवर वाहून जातं आणि टाकीत उरतं थंड. कंपनीला फोन जातो, ट्यूब खराब निघाल्या म्हणून, आणि ट्यूब बिचाऱ्या ठणठणीत असतात. प्रेशर पंप असेल तर एक तर प्रेशरवाली टाकी घ्या, जिला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, किंवा प्रत्येक मिक्सरच्या गरम बाजूला एनआरव्ही लावा. हे प्लंबरला आधीच सांगा, टाइल्स बसल्यावर नको.

गरम लाईन टाकीतून निघाली की तिला शक्यतो उतारच पाहिजे. जिन्याच्या दारातून लाईन आडवी येते म्हणून फिटर ती चौकटीवरून नेतो, म्हणजे पाइप वर चढला, दारावरून गेला आणि परत खाली उतरला. त्या कमानीत हवा अडकते. मग नळ उघडला की नुसती फुसफुस, पाणी सुतासारखं. अशी कमान टाळताच येत नसेल तर तिच्या सगळ्यात उंच ठिकाणी हवा जायला अजून एक उभा पाइप काढायचा.

पाइप सीपीव्हीसी किंवा पीपीआर या गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकचा घ्या. साधा पांढरा पीव्हीसी गरम पाण्याला नको म्हणजे नकोच, उन्हाळ्यात टाकीतलं पाणी ७०-८० अंशांवर जातं, त्यात तो मऊ पडून वाकतो, सांधे सुटतात. लाईन जितकी लांब तितकं पाणी आत थंड होऊन राहतं, पाऊण इंची पाइपात मीटरला पाव लिटर धरा, म्हणजे २० मीटरच्या लाईनमध्ये ५ लिटर, ते आधी बाहेर येणार आणि मग गरम. म्हणून लाईन लांब असेल तर इन्सुलेशनचे पैसे वाचवू नका, आणि त्या काळ्या फोमवर उन्हासाठी वरून टेप किंवा आवरण करून घ्या, नाहीतर दोन उन्हाळ्यांत त्याचा भुगा होतो.

आता ट्यूब. ही ट्यूब म्हणजे थर्मासच, काचेच्या दोन भिंती आणि मध्ये निर्वात. बसवायच्या आधी प्रत्येक ट्यूबचं बंद टोक बघा, तिथे आतून चकचकीत चांदीसारखा थर असतो, तो बेरियमचा. आत हवा शिरली की तो थर पांढराफटक, दुधासारखा होतो. एखादी तशी दिसली तर तिथल्या तिथे बदलून मागा, ती ट्यूब पाणी नीट तापवणार नाही. ट्यूब बसवताना रबरी रिंगला साबणाचं पाणी लावून हळूहळू फिरवत आत घालायची, तेल, ग्रीस नाही, त्याने रबर खराब होतं. बोअरचं खारं पाणी असेल तर टाकीचं मटेरियल आणि आतला मॅग्नेशियमचा रॉड याची विक्रेत्याकडे नीट चौकशी करा, क्षार चढतातच.

आता पाणी भरणं, आणि इथे घाई केली तर काचा फुटतात. रिकाम्या ट्यूब उन्हात असल्या की आतलं तापमान २०० अंशांच्या वर जातं. भर दुपारी काम संपलं आणि फिटरने थंड पाण्याचा कॉक उघडला, की तडाड. म्हणून पाणी सूर्य उगवायच्या आधी किंवा मावळून काच निवल्यावरच भरायचं, काम दिवसा झालं असेल तर तोपर्यंत ट्यूबवर ताडपत्री. ‘मला दुसऱ्या साइटवर जायचंय’ असं फिटर म्हणेल, त्याची पण अडचण खरी असते, पण तुम्ही थांबवा, सकाळी लवकर या म्हणा.

सकाळी वर जा, त्याच्याबरोबर. थंडचा कॉक अर्धाच उघडायचा. व्हेंटच्या तोंडाजवळ हात धरा, हवा बाहेर येताना लागते, टाकी भरत आली की ती थांबते. मग एक जण खाली, सगळ्यात खालच्या मजल्यावरचा गरम नळ आधी उघडायचा, मग वरचे. सुरुवातीला पाणी थुंकतं, खोकतं, मध्येच थांबतं, ती हवा निघतेय. धार सलग झाली की बंद. मग एकेका रिंगखाली बोट फिरवून ओल लागते का बघा, प्रत्येक ट्यूबच्या, कंटाळा नको. सांध्यांना पण हात लावा. नवीन सीपीव्हीसीचे सांधे चिकटवायचा सोल्यूशन आधीच नीट वाळू दिलेला असावा.

त्या दिवशी गरम पाणी वापरायचं नाही. टाकीला एक पूर्ण ऊन मिळू द्या. संध्याकाळी ६ ला नळ सोडून आधी लाईनमधलं पाणी जाऊ द्या आणि बादलीत थर्मामीटर धरून आकडा लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ला परत. ५-७ अंश उतरले असतील तर उत्तम. १५-२० उतरले असतील तर रात्री गरम पाणी कुठेतरी पळतंय, अशा वेळी थंड पाणी येणाऱ्या पाइपाला हात लावत वर वर जा. सोलरपासून लांब गेल्यावर सुद्धा तो कोमट लागला तर समजा वळसा नाही किंवा एनआरव्ही अडकलाय. माझं म्हणणं एवढंच, की शेवटचा हप्ता या सकाळच्या आकड्यानंतर द्या, त्याच्या आधी नाही. चांगला सोलरवाला याला नाही म्हणत नाही, उलट त्याला बरं वाटतं की कोणीतरी त्याचं काम समजून घेतंय.

पावसाळ्याचं काय, हे सगळे विचारतात. महाबळेश्वर, कोकण, मावळ इकडे दिवसचे दिवस ऊन नसतं, तिथे सोय लागणारच. टाकीतच विजेचा हीटर बसवून मिळतो, पण दोन बादल्यांसाठी अख्खी टाकी तापवायची हे मला पटत नाही. त्यापेक्षा बाथरूममध्ये आहे तो छोटा गिझर ठेवा आणि दोन कॉक देऊन बायपास करून घ्या, ऊन असेल तेव्हा पाणी सरळ, नसेल तेव्हा गिझरमधून. टाकीत हीटर घेतलाच तर अर्थिंग चोख पाहिजे आणि टाकी भरल्याची खात्री झाल्याशिवाय बटण दाबायचं नाही.

उन्हाळ्यात उलट काळजी. एप्रिल-मेमध्ये नळातून येणारं पाणी हात भाजेल इतकं तापलेलं असतं. घरात लहान मुलं, आजी-आजोबा असतील तर बादलीत आधी थंड, मग गरम, ही सवय सगळ्यांना लावा. आणि महिनाभर गावी जाणार असाल तर अर्ध्या ट्यूब झाकून जा.

फिटर निघायच्या आधी त्याच्याकडून प्रत्येक कॉकवर मार्करने लिहून घ्या, थंड, गरम, बायपास, टाकी रिकामी करायचा. वॉरंटी कार्डावर तारीख, शिक्का आणि टाकीचा नंबर आहे का बघा, आणि टाकीवरचा नंबर तोच आहे ना हेही ताडून बघा, मग त्याला जाऊ द्या. नमस्कार.