सायन्स क्विझचा प्रश्न लिहायचा कसा?

नमस्कार मंडळी. आधी एक प्रश्न, मग गप्पा.

कुलाब्याला १८२६ साली वेधशाळा सुरू झाली. पुढे तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जाऊ लागल्या. १९०४ पासून मात्र हे काम समुद्रापलीकडे, अलिबागला न्यायला सुरुवात झाली. का? अ, खाऱ्या हवेनं यंत्रं गंजायला लागली. ब, मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या. क, लष्कराला ती जागा हवी होती.

[५ सेकंद थांबायचं. कॅमेऱ्याकडे नुसतं बघायचं.]

ब. ट्राम! तोवर मुंबईतली ट्राम घोडे ओढायचे, विजेवरची धावली १९०७ साली. वीज आली की तारांतून, रुळांतून जोरदार प्रवाह जाणार. प्रवाह म्हटलं की भोवती चुंबकीय क्षेत्र आलंच. मग कुलाब्यातल्या त्या नाजूक सुया पृथ्वीचं ऐकणार की ट्रामचं?

हे उत्तर आधीपासून माहीत असलेला माणूस हॉलमध्ये एखादाच निघेल. पण तारेतून वीज गेली की होकायंत्राची सुई हलते, हे शाळेत सगळ्यांनी पाहिलेलं असतं. तेवढ्यावर ‘ब’पर्यंत पोचता येतं. मी प्रश्न लिहिताना एवढंच बघतो: उत्तर माहीत नसलेल्याला डोकं चालवायला जागा आहे का?

आता सोसायटीच्या गणपतीत हमखास येणारा प्रश्न. ‘तुर्भ्याची अप्सरा अणुभट्टी कधी सुरू झाली? १९५५, ५६, ५७ की ५८?’ उत्तर १९५६. बरोबर आलं तरी कुणाला मजा येत नाही, आणि चुकलं तर माणूस फक्त ओशाळतो. ही परीक्षा झाली. परीक्षा द्यायला कोण येतंय कोजागिरीच्या रात्री?

अप्सराच ठेवा, प्रश्न फिरवा. ही भट्टी पाण्याच्या टाकीत होती आणि चालू असताना पाण्यात निळी आभा दिसायची. ती कशामुळे? तळाशी निळे दिवे लावलेले म्हणून? पाण्यात रसायन मिसळलेलं म्हणून? की पाण्यातून काही कण प्रकाशाहूनही वेगानं धावत होते म्हणून?

तिसरा पर्याय वाचला की एक काका उठतातच. ‘प्रकाशापेक्षा वेगानं काही जाऊच शकत नाही!’ काका, बरोबर, पण निर्वात पोकळीतल्या प्रकाशापेक्षा. पाण्यात प्रकाशाचा वेग पाऊणपटीवर येतो, आणि तिथे इलेक्ट्रॉन त्याला मागे टाकू शकतात. तेव्हा जी आभा उमटते तिला चेरेंकोव्ह प्रारण म्हणतात. नाव लक्षात राहिलं नाही तरी चालेल, काकांचा चेहरा राहील.

यातून एक पथ्य निघतं: अट प्रश्नातच घाला. ‘पाणी किती अंशाला उकळतं?’ असं विचारलंत की माथेरानला जाऊन आलेला कुणीतरी हात वर करणार. तिथे, साधारण ८०० मीटर उंचीवर, पाणी ९७ अंशांच्या आसपासच उकळतं. म्हणून ‘समुद्रसपाटीला’ हा शब्द हवाच. आणि ‘गुरूला चंद्र किती?’ हे विचारूच नका. नवे सापडत राहतात, तुमचं उत्तर शिळं होतं. व्हॉट्सॲपवरची ‘माणूस मेंदूचा फक्त १० टक्के भाग वापरतो’ छापाची माहिती तर सरळ खोटी असते.

चुकीचे पर्याय लिहायला खरा वेळ लागतो. ते लोकांच्या मनातल्या समजुतींमधून उचलावेत. ‘भर दुपारी मुंबईत उभ्या खांबाची सावली नाहीशी होते, ती कधी? रोज बाराला, २१ जूनला, की वर्षातून दोनदा?’ पहिले दोन्ही पर्याय लोक छातीठोकपणे निवडतात. पण मुंबई विषुववृत्त आणि कर्कवृत्ताच्या मध्ये आहे, त्यामुळे सूर्य अगदी डोक्यावर येतो तो मेच्या मध्याला एकदा आणि जुलैच्या अखेरीस एकदा. जुलैत अर्थात ढग. तेही बारा वाजता नाहीच, साडेबारा उलटून गेल्यावर, कारण आपलं घड्याळ मुंबईच्या बरंच पूर्वेकडच्या रेखांशावर लावलेलं आहे.

सुरुवातीला मात्र सोपे प्रश्न ठेवा. ठाणे खाडीतले फ्लेमिंगो गुलाबी का? खाण्यातल्या रंगद्रव्यांमुळे. हे पोरं ओरडून सांगतात आणि हॉल तापतो. प्रश्न मोठ्यानं वाचून बघा. ‘यांपैकी कोणतं नाही’ हे कागदावर चालतं, माइकवरून ऐकताना लोक ‘नाही’ विसरतात. आणि उत्तराचा खुलासा दोन वाक्यांत संपवा, तिसऱ्याला लोक बटाटेवड्यांकडे बघायला लागतात.

बरोबरी झाली तर? मी आकड्याचा अंदाज विचारतो. ‘आज मरीन ड्राइव्हला दुपारी बरोबर १२ला भरती आहे, तर उद्या दुपारची भरती किती वाजता?’ साधारण १२.५०, कारण पृथ्वीची एक फेरी होईतो चंद्रही पुढे सरकलेला असतो. ज्यांचा अंदाज जवळचा, ट्रॉफी त्यांच्या मजल्याला.