अंतर मोठं, माणसं मोजकी

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्याच्या वायव्य कोपऱ्यात हार्डिंग नावाची काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा कारभाराचा विभाग, आहे. क्षेत्रफळ जवळपास ६,९०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अख्ख्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहून मोठं. सिंधुदुर्गात साडेआठ लाख माणसं राहतात. हार्डिंगमध्ये २०२०च्या जनगणनेत तेराशेच्या आसपास निघाली. गुरांची कुरणं, उघडी माळरानं, आणि या घरापासून त्या घरापर्यंत कित्येक मैल. अशा मुलखात कुणी दारूच्या नशेत बायकोवर हात उगारला, हिमवादळात कुणाची गाडी रस्त्याखाली गेली, तर धावून यायचं ते शेरीफच्या माणसांनी.

मुंबईच्या शेरीफसारखं हे मानाचं पद नव्हे. तिथला शेरीफ म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, आणि बहुतेक राज्यांत तो लोकांच्या मतांवर निवडून येतो. गस्त, तपास, समन्स पोचवणं, कोर्टाचा बंदोबस्त, हरवलेल्यांचा शोध, आणि बऱ्याच ठिकाणी काउंटीचा तुरुंगही त्याच्याच गळ्यात. खर्चाला मंजुरी मात्र काउंटीचं मंडळ देतं, आणि त्यातला मोठा वाटा मालमत्ता करातून येतो. वस्ती विरळ, म्हणून कर थोडा. कर थोडा, म्हणून डेप्युटी, म्हणजे शेरीफच्या हाताखालचे पोलीस, थोडे.

म्हणून मला ठामपणे वाटतं की खेड्यातल्या पोलीस सेवेत सुधारणा म्हणजे डेप्युटीचा वेळ वाचवणं. बाकी सगळं त्यानंतर.

साध्या पत्त्याचंच घ्या. तातडीच्या मदतीच्या ९११ या क्रमांकावरचा पहिला फोन १६ फेब्रुवारी १९६८ रोजी अलाबामातल्या हेलीव्हिल या छोट्या गावात वाजला. पण फोन लागला म्हणून घर सापडतं असं नाही. खेड्यापाड्यांत पत्ता असायचा तो टपालाच्या सोयीचा: अमुक मार्ग, तमुक नंबरची पेटी. पोस्टमनला तो पुरे, रात्री निघालेल्या डेप्युटीला त्याचा काय उपयोग? मग काउंट्यांनी रस्त्यांना नावं दिली आणि घरांना अंतरावरून क्रमांक दिले. अनेक ठिकाणी एका मैलाला हजार क्रमांक धरतात. घर ४५०० असेल, तर रस्ता सुरू होतो तिथून साडेचार मैलांवर. फाटकापाशी अंधारात चमकणारी पाटी लावली की काम झालं. मला ही सुधारणा फार मोलाची वाटते. आपल्याकडेही ११२ वर फोन करणारा माणूस ‘शाळेच्या मागं, विहिरीच्या अलीकडं’ असंच सांगतो, आणि धनगरवाड्यावर किंवा शेतातल्या वस्तीवर जाणारी गाडी फाट्यावर चौकशी करत थांबते.

याउलट, लष्कराकडं जास्त झालेली सामग्री पोलिसांना देण्याची एक केंद्रीय योजना तिथं १९९० च्या दशकापासून आहे. तिच्यातून लहान लहान काउंट्यांच्या दारातही सुरुंगरोधक चिलखती गाड्या येऊन उभ्या राहिल्या. त्या गाडीनं कुणाचं घर लवकर सापडत नाही. तिचं डिझेल आणि दुरुस्ती मात्र काउंटीच्याच माथी. तेच पैसे रात्रपाळीच्या आणखी एका माणसावर खर्च व्हावेत. लहान तुरुंगांत रात्री एकच कर्मचारी फोनही घेतो आणि कोठड्यांवर नजरही ठेवतो. अमेरिकेतल्या स्थानिक तुरुंगांमध्ये वर्षानुवर्षं कैद्यांच्या मृत्यूचं सगळ्यात मोठं एकच कारण आत्महत्या हे राहिलं आहे. फोन वाजत असताना कोठडीकडं कोण बघणार?

आता साउथ डकोटातलाच एक प्रयोग सांगतो. कुणी मानसिक त्रासानं बेभान झालं, जीव देण्याची भाषा करू लागलं, की डेप्युटी त्याला ताब्यात घेणार आणि रुग्णालयात पोचवणार, हीच रीत होती. राज्याचं मनोरुग्णालय यांक्टनला, आग्नेय कोपऱ्यात. रॅपिड सिटीहून निघालं तरी पाच तासांहून जास्त रस्ता. तेवढा वेळ मागं काउंटी जवळजवळ उघडी, आणि ज्यानं गुन्हा केलेला नाही तो आजारी माणूस पोलिसांच्या गाडीत. २०२० मध्ये तिथल्या ग्रामीण डेप्युटींच्या हाती टॅब दिले गेले. डेप्युटी घरी पोचतो, टॅबवर मानसोपचाराचा जाणकार लावून देतो आणि स्वतः जरा बाजूला उभा राहतो. बोलणं त्या दोघांत होतं. बहुतेक वेळा माणूस घरीच, आपल्या माणसांत राहू शकतो, आणि पुढच्या उपचारांची सोय स्थानिक पातळीवर लावली जाते.

हे आपल्याला परकं नाही. आपल्या २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं भरकटलेल्या मनोरुग्णाला संरक्षण देऊन चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत नेण्याची जबाबदारी पोलिसांवर टाकली आहे. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथं. भामरागडहून नागपूर तीनशे किलोमीटरच्या पलीकडं. पण २०२२ च्या ऑक्टोबरपासून मानसिक त्रासात फोनवरून मदत देणारी ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही मोफत सेवा सुरू आहे, आणि तिथं मराठीत बोलता येतं. माझी विनंती एवढीच: गावच्या पोलीस पाटलांच्या आणि ठाण्यातल्या प्रत्येक अंमलदाराच्या फोनमध्ये हा क्रमांक आजच नोंदवून घ्या. एक, चार, चार, एक, सहा.