शेवंतीले कळी नाही : लांबलेली थंडी आणि विदर्भातली सांदवाडी

[दृश्य : वर्धा जिल्ह्यातलं एक गाव. कौलारू घरामागची सांदवाडी. विहिरीच्या कडेने शेवंतीचे ताटवे. पानं हिरवीगार, फूल एकही नाही.]

नोव्हेंबर सरत आलाय. तुळशीचं लग्न लागून गेलं. पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची, वेचणी सुरू आहे, बांधापलीकडे तूर पिवळी फुलली आहे. पण गावात पहाटे अजून कोणी शेकोटी पेटवलेली नाही. दुपारी अंगण तापतं आणि रात्री पंखा बंद करवत नाही.

[दृश्य : आजी आणि नात ताटव्यापाशी वाकून पाहताहेत. त्यांचाच आवाज.]

"वो आजी, यंदा शेवंतीले कळीच नाही."

"कुठून येईन बाई? थंडी पडाले पाहिजे ना. रातच्याले अजून पंखाच चालू हाये."

[निवेदन]

आजीचं बोट बरोबर रात्रीवर पडलंय.

शेवंती दिवसाच्या लांबीवर चालते. दिवाळीच्या सुमारास दिवस आखडतो, रात्र बारा तासांहून लांब झालेली असते. तसं शेंड्याला नवं पान येणं थांबतं आणि तिथे कळी धरू लागते. दिवस यंदाही ठरल्या वेळीच लहान झालाय. पण कळी धरणं वेगळं आणि ती भरून उमलणं वेगळं. त्या पुढच्या टप्प्याला गार रात्र लागते. रात्र उबदार राहिली की कळी बाजरीच्या दाण्याएवढी होऊन तिथेच अडकते.

[दृश्य : शेंड्याचं जवळून चित्रण.]

हा शेंडा नीट पाहा. मधोमध बारीक, घट्ट, हिरवी कळी आहे. तिच्या खालच्या बेचक्यांतून मात्र कोवळे फुटवे निघालेत आणि ते कळीला मागे टाकून वर चाललेत. झाडाने फुलायची तयारी केली होती, पण उष्णतेने त्याला पुन्हा पानांकडे वळवलं. अशी शेवंती फुलते, पण उशिरा, आणि फूल लहान राहतं. राणी किंवा जांभळ्या रंगाची शेवंती असेल तर रंगही फिका उतरतो, कारण तो रंग पाकळीत तयार व्हायला गारवा लागतो. पिवळ्या शेवंतीला हा फटका कमी बसतो. हारवाल्याकडे यंदा पिवळीच जास्त दिसली तर नवल वाटायला नको.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. शेवंतीचा वाफा रस्त्यावरच्या एलईडी दिव्याखाली असेल, तर दोष एकट्या उष्णतेला देऊ नका. रात्रभर अंगावर पडणारा उजेड या झाडाची रात्रच मोडतो. अंधारातला वाफा आधी फुलेल आणि दिव्याखालचा हिरवाच राहील.

[दृश्य : रात्र. घराबाहेर ढगाळ आभाळ, चांदणी दिसत नाही.]

नागपूर-वर्ध्याकडे नोव्हेंबरातली रात्र एरवी १५-१६ अंशांवर उतरते. ती २१-२२ अंशांवर थांबली तर आपल्याला फार तर चादर लागत नाही. झाडाला मात्र ती महाग पडते. दिवसा पान उन्हात साखर तयार करतं. रात्री ती कमाई बंद असते, श्वसन मात्र चालूच राहतं आणि साखर खर्च होत राहते. तापमान दहा अंशांनी वाढलं की हा खर्च साधारण दुपटीवर जातो. फुलात, गड्ड्यात, मुळात साठायला हवी ती साखर रात्रीच उडून जाते. म्हणून गरम दुपारपेक्षा मला गरम रात्रीची काळजी जास्त वाटते. दुपारचं ऊन डोळ्यांना दिसतं, पानं मलूल होतात, आपण पाणी घालतो. रात्रीचं नुकसान दिसायला जानेवारी उजाडतो.

आता ही थंडी अडते कुठे? विदर्भाला गारठा येतो तो उत्तरेकडच्या कोरड्या वाऱ्यांनी आणि निरभ्र रात्रींनी. आभाळ मोकळं असेल तर दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता वर सोडून देते. ढग आले की तीच उष्णता गोधडीखाली राहावी तशी अडकते. ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचा काळ. वादळ तमिळनाडूच्या किनाऱ्याला लागलं तरी त्याचं बाष्प आपल्या आभाळात येतं, वारा पूर्वेचा होतो आणि उत्तरेचा गारवा अडतो. ३० नोव्हेंबर २०२४ ला पुदुच्चेरीजवळ 'फेंगल' वादळ किनाऱ्यावर आलं, तेव्हा महाराष्ट्रातली थंडी अशीच पळाली होती. त्याआधीचा ऑक्टोबर तर देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण ऑक्टोबर ठरला, आणि त्यातही दिवसांपेक्षा रात्री सरासरीच्या जास्त वर होत्या.

[दृश्य : भाजीचे वाफे. सांबाराची (कोथिंबिरीची) विरळ ओळ. फुलकोबीचे मोठाले पानाचे गड्डे.]

भाजीच्या वाफ्यांत सगळ्यांचं दुखणं एकसारखं नाही. वांगी, भेंडी, मिरची या उबेवर खूश आहेत. थंडी पडली की थांबणारी भेंडी अजून तोडा देतेय. टमाटरही फळ धरतंय, फक्त दुपारी पारा तिशीच्या वर रेंगाळला तर ते पिकताना लालबुंद होत नाही, नारिंगी-पिवळसर राहतं. गरम हवेने सगळी बाग बुडाली असं कोणी म्हणत असेल तर ते खरं नाही.

बुडतात ती थंडीची म्हणून लावलेली पिकं. सांबार उगवतो विरळ, आणि जो उगवतो तो चार पानांवरच दांडा काढून फुलायला लागतो. मेथीचंही तसंच. वाटाण्याची फुलं गळतात. गाजर वाढतं, पण रंग धरत नाही. हरभऱ्याची माती गरम राहिली की मर रोगाची बुरशी जोर धरते. चनाभाजी खुडायला जावं तर मधलीच रोपटी वाळलेली सापडतात.

फुलकोबीचं थोडं सविस्तर सांगतो, कारण तिथे फसगत बियाण्याच्या पुडीपासून सुरू होते. पुसा दीपालीसारखे लवकरचे वाण २०-२५ अंशांतही गड्डा धरतात. पुसा स्नोबॉलसारख्या उशिराच्या वाणांना त्याहून बराच गारवा हवा. तो मिळाला नाही तर झाड पानंच काढत बसतं. गड्डा आला तरी त्याच्या पांढऱ्या कणांमधून बारीक हिरवी पानं डोकावतात आणि तो वरून लवदार, सैल दिसतो. बाजारात अशा फुलकोबीला भाव मिळत नाही. घरच्या भाजीला ती चालते, चवीत फारसा फरक पडत नाही.

मावा ही रस शोषणारी कीड यंदा लवकर आलीय. वालाच्या वेलीचा शेंडा उलटा करून पाहा, पानाखाली काळपट माव्याची रांग आणि तिच्यावर मुंग्यांची ये-जा. कडक थंडीत माव्याची पिल्लावळ मंदावते. उबदार, ढगाळ हवेत त्याला मोकळं रान मिळतं. भोगीच्या भाजीत वालाच्या शेंगा हव्या असतील तर आताच पाच टक्के निंबोळी अर्काची फवारणी करावी, आणि ती संध्याकाळी करावी.

[दृश्य : अंगणातला जुना गावरान आंबा. फांदीच्या टोकाला तांबूस कोवळी पालवी.]

या सांदवाडीतली सगळ्यांत मोठी काळजी ही आहे.

आंब्याला मोहोर यायचा तर दोन गोष्टी लागतात. पान जून झालेलं हवं, आणि रात्री गार हव्यात, १५ अंशांच्या आसपास. गारव्यात झाडाची वाढ थांबते आणि जून पानांकडून शेंड्याकडे फुलायचा संदेश जातो. रात्री उबदार राहिल्या आणि त्यात एखादी अवकाळी सर पडली, की तोच शेंडा पालवी काढतो. ही तांबूस, लोंबती, रेशमासारखी पानं दिसायला फार सुंदर असतात. पण ज्या फांदीवर ती आत्ता आली, तिथे मोहोराची आशा यंदा कमीच. झाडाच्या एका बाजूला पालवी आणि दुसऱ्या बाजूला मोहोर, असंही होतं. मग लोणच्याला कैऱ्या येतात त्याही अर्ध्याच झाडाच्या.

वरूड-मोर्शीकडच्या संत्राबागांत हेच वेगळ्या रूपात दिसतं. तिथे आंबिया बहारासाठी, म्हणजे थंडीच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, डिसेंबरात पाणी तोडून झाडाला ताण देतात. गारठा त्या विश्रांतीला हातभार लावतो. पारा १३ अंशांच्या खाली गेला की संत्र्याची वाढ जवळपास थांबतेच. थंडी आली नाही आणि वरून पाऊस पडला तर ताण तुटतो, बहार एकदम न फुटता तुकड्या-तुकड्याने फुटतो. झाडावरच्या फळाचंही तसंच आहे. साल हिरवी ती नारिंगी व्हायला गार रात्री लागतात. आतून गोड झालेलं संत्रं बाहेरून हिरवट राहतं आणि व्यापारी त्याचे पैसे कापतो. शेतकऱ्याची यात काडीची चूक नसते.

[दृश्य : धुकं. पहाट. पपईची काळवंडलेली पानं.]

गरम कार्तिकाचा खरा मार मात्र त्याच्यानंतर येणाऱ्या कडाक्यात असतो. थंडी हळूहळू उतरत आली तर झाड तिच्यासाठी तयार होतं. वाढ आवरतं, पेशींत साखर साठवतं, कोवळेपण जून करून घेतं. उबेत वाढत राहिलेल्या झाडाला ही सवड मिळत नाही. २०२४ मध्ये डिसेंबरच्या सुरुवातीला ढग होते आणि महिन्याच्या मध्यावर विदर्भात पारा दहाच्या खाली गेला. २९ डिसेंबर २०१८ ला तर नागपुरात ३.५ अंशांची नोंद झाली. अशा रात्री सगळ्यांत आधी पपई, केळ, शेवगा आणि नुकतंच लावलेलं टमाटर काळं पडतं. जेवढी पालवी कोवळी, तेवढी इजा मोठी.

[दृश्य : आजी सोयाबीनचं कुटार (मळणीनंतर उरलेला भुसा) टोपल्यातून वाफ्यात पसरताहेत.]

म्हणून उबदार नोव्हेंबरात झाडं हिरवीगार दिसली तरी युरियाचा हात आखडता घ्यावा. त्याने कोवळी पालवीच वाढते. तिच्यावर आज मावा बसतो आणि उद्या थंडी पडते. गुलाबाची छाटणी राहिली असेल तर रात्री गार व्हायची वाट पाहावी. सांबार आणि मेथी एकदम न पेरता आठ-दहा दिवसांच्या अंतराने थोडी-थोडी पेरावी, म्हणजे एक पेरा गेला तरी दुसरा हाती लागतो. धने रगडून रात्रभर भिजवावेत आणि वाफा उगवेपर्यंत ओल्या गोणपाटाने झाकून ठेवावा. गरम मातीला तेवढ्याने उतार पडतो. कोंब दिसताच गोणपाट काढायला विसरू नये.

कुटार तर आपल्याकडे ढिगाने असतं. सोयाबीनचं असो की तुरीचं, बोटभर थर दिला की दुपारी माती तापत नाही, आणि पुढे कडाका पडला तर मुळांची ऊब टिकते. थंडीची लाट येणार अशी बातमी आली की त्या दिवशी संध्याकाळी बागेला पाणी द्यावं. ओली माती कोरड्या मातीपेक्षा जास्त उष्णता धरून ठेवते. लहान रोपांवर पऱ्हाट्यांचा मांडव करून गोणपाट टाकावं आणि सकाळी ऊन आलं की काढावं.

आंब्याला मात्र हे पाणी लागू नाही. अंगणात मोठा आंबा असेल तर डिसेंबरात त्याच्या बुंध्याशी धुण्याभांड्यांचं पाणी जाऊ देऊ नये, नाली दुसरीकडे वळवावी. मोहोर येऊन फळं वाटाण्याएवढी झाली की मग पाणी सुरू करावं.