छापलेले वॅट आणि खरे वॅट: जुने कार ॲम्प्लिफायर घेताना

[दृश्य: टेबलावर ॲम्प्लिफायर, कॅमेरा फ्यूजवर]

१९९०च्या दशकात अमेरिकेतल्या कार ऑडिओ स्पर्धांमध्ये गट ठरायचे ते कागदावरच्या वॅटवरून, म्हणून आकडा कमी छापण्यात फायदा असायचा. ॲरिझोनातल्या ओरायन कंपनीच्या '२२५ एचसीसीए'ची नोंद होती चॅनलमागे अवघे २५ वॅट, तीही चार ओहमच्या स्पीकरला (ओहम म्हणजे स्पीकरचा विद्युत रोध). अर्ध्या ओहमचा भार दिला की तोच ॲम्प्लिफायर कित्येक पट ताकद काढायचा. स्वस्त मालाची तऱ्हा उलटी: पेटीवर हजार वॅट, आत शंभरही नाहीत.

वॅट मोजायची सामाईक पद्धत अमेरिकेत २००३ साली आली. त्याआधीच्या मालाचा अंदाज फ्यूजवरून घ्यावा. २० अँपिअरचे दोन फ्यूज म्हणजे ४०; गुणिले १३.८ व्होल्ट, ५५२ वॅट. क्लास एबी (जुन्या मालातली नेहमीची रचना) ॲम्प्लिफायर त्यातले जेमतेम निम्मे स्पीकरला देतो, बाकीची उष्णता होते. मात्र फ्यूज मूळचाच आहे ना, हे शेजारी छापलेल्या आकड्याशी ताडून पाहा.

[दृश्य: खालचं झाकण काढलेलं]

कपॅसिटरच्या बुडाशी ओल, हिरवट पडलेले ट्रॅक, मासळीसारखा वास: आतलं द्रव गळलंय. मॉस्फेटच्या (वीज चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या) रांगेत एकच वेगळ्या छापाचा दिसला, तर तेवढाच बदलून माल विकायला काढलाय. असा जोड टिकत नाही; अख्खी रांग एकाच जातीची लागते.

आता मल्टिमीटर, बीप वाजणाऱ्या कंटिन्युइटी सेटिंगवर. प्लस आणि ग्राउंडमध्ये बीप क्षणभर वाजून थांबली तर ते कपॅसिटरचं चार्जिंग. वाजतच राहिली तर बहुधा पॉवर सप्लायचे मॉस्फेट शॉर्ट आहेत.

पहिल्यांदा चालू करताना प्लसच्या वायरीत ५५ वॅटचा हेडलाइटचा बल्ब घाला, रिमोटला (ॲम्प्लिफायर चालू करणाऱ्या टर्मिनलला) १२ व्होल्ट द्या, स्पीकर जोडू नका. बल्ब लकाकून मंदावला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर लगेच बंद करा. बल्ब मंदावला असेल तर मग स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी (स्थिर व्होल्टेज) मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत हवं. तिथे काही व्होल्ट आले तर आउटपुट ट्रान्झिस्टर गेलाय आणि तो स्पीकरची कॉइलही जाळेल.

कपॅसिटर बदलताना १०५ अंशांचे, कमी ईएसआरचे (आतल्या रोधाचे) घ्या. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त. उंचीही मोजा, नाहीतर झाकण बसत नाही. बोर्ड परत बसवताना अभ्रकाची चकती, ताजी थर्मल पेस्ट आणि घट्ट क्लॅम्प. ट्रान्झिस्टर हीटसिंकला (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या अंगाला) न टेकवता 'जरा चालतोय का बघू' म्हणून चालू केला, की बघता बघता जळतो. असेच कित्येक चांगले ॲम्प्लिफायर मरतात. बायसच्या प्रीसेटला (ट्रान्झिस्टरचा स्थिर प्रवाह ठरवणाऱ्या छोट्या स्क्रूला) हात लावू नका.

गाडीत ४ गेजची शुद्ध तांब्याची केबल, बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज, आणि ग्राउंडखालचा रंग खरवडून उघडा पत्रा.

[दृश्य: सबवूफरची जोडणी]

दर चॅनलला दोन ओहम झेपणारा ॲम्प्लिफायर ब्रिज केल्यावर, म्हणजे दोन चॅनल जोडून एक केल्यावर, चार ओहमच्या खाली झेपवत नाही. सबवूफरच्या चार ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या तर दोनच उरतात. त्या एकामागे एक जोडा: आठ ओहम. आवाज थोडा कमी मिळेल, पण आउटपुट ट्रान्झिस्टर शाबूत राहतील.