रामबाम आणि त्यांचा धाकटा भाऊ

मंडळी, रामबाम म्हटलं की त्यांच्या ग्रंथांपासून सुरुवात करायची पद्धत आहे. मी त्यांच्या दिनक्रमापासून करतो. बाराव्या शतकातले ज्यू धर्मपंडित रब्बी (म्हणजे धर्मगुरू) मोशे बेन मैमोन, या नावाची आद्याक्षरं जुळवून झालं रामबाम. युरोपात हेच मैमोनिडीस. ११९९ साली दक्षिण फ्रान्समधले सॅम्युएल इब्न तिब्बोन त्यांच्या 'संभ्रमितांचा मार्गदर्शक' या ग्रंथाचं अरबीतून हिब्रूत भाषांतर करत होते. भेटायला येतो, असं त्यांनी कळवलं. उत्तर आलं: जरूर या, पण तासभर निवांत बोलता येईल ही आशा ठेवू नका.

रामबाम राहायचे इजिप्तमधल्या फुस्तातला, सुलतान शेजारच्या कैरोत. रोज सकाळी दरबारी हजेरी, कारण ते राजवैद्य. दुपार टळल्यावर भुकेनं कासावीस होऊन घरी यावं तर बाहेरची जागा माणसांनी भरलेली. ज्यू, परधर्मीय, न्यायाधीश, शिपाई, मित्र आणि शत्रूसुद्धा! मग जनावरावरून उतरायचं, हात धुवायचे आणि रोग्यांची विनवणी करायची, दोन घास खाऊन येतो. दिवसातलं तेवढंच जेवण. त्यानंतर रात्र पडेपर्यंत नुसखे. शेवटी शेवटी तर थकून आडवं पडूनच बोलायचे.

साठी ओलांडलेला, ज्यू कायद्याची चौदा खंडांत फेरमांडणी केलेला हा माणूस. समाजानं त्याला बसून खायला घातलं असतं की! पण ते त्यांनाच मान्य नव्हतं. मिश्ना म्हणजे ज्यूंच्या तोंडी चालत आलेल्या धर्मनियमांचा जुना संग्रह. त्यावरचं भाष्य त्यांनी ११६८ मध्ये पुरं केलं. स्पेनमधलं कॉर्डोबा सुटलेलं, मोरोक्को सुटलेलं, त्यातला काही भाग तर जहाजावर लिहिलेला. 'तोराची कुदळ करू नका', म्हणजे धर्मशास्त्र पोट भरायचं हत्यार करू नका, हे जुनं वचन धरून त्यात ते विद्येवर पैसे घेणाऱ्यांवर तुटून पडतात. हिलेलसारखा मोठा गुरू लाकडं तोडून पोट भरायचा, मग आपण विद्येच्या नावावर वर्गणी का मागावी? कीर्तन करावं तिथं जेवू नये, हा दंडक ऐकत वाढलेल्यांना हे नवं वाटणार नाही.

पण हे लिहिताना त्यांच्या घरचा खर्च कोण चालवत होतं? धाकटा भाऊ दाविद. तो व्यापार करायचा आणि मोशे अभ्यास करायचे. दंडक कडक होता खरा, पण तो पेलायला भाऊ होता, हे मला विसरता येत नाही.

दाविदचं एक पत्र फुस्तातच्या सिनेगॉगमधल्या (ज्यू प्रार्थनामंदिरातल्या) गेनिझात सापडलं. देवाचं नाव असलेला कागद फाडायचा नाही, म्हणून जुने कागद टाकायची ती खोली. पत्र हिब्रू लिपीतल्या अरबीत आहे, तांबड्या समुद्रावरच्या आयधाब बंदरातून लिहिलेलं. काफिला सोडून दाविद एकाच सोबत्याबरोबर वाळवंटात घुसला होता. वेडेपणाच, पण हे दोघं सुखरूप पोचले आणि काफिल्यातली माणसं लुटली गेली, काही तहानेनं मेली. बंदरावर पाहतो तो घेण्याजोगा माल नाही, फक्त नीळ. एवढं वाळवंट तुडवून नीळ घेऊन परतायचं? त्यानं हिंदुस्थानची वाट धरायचं ठरवलं. वाळवंटात ज्यानं तारलं तोच समुद्रात तारील, घरच्यांना धीर द्या, असं घाईघाईनं लिहून तो निघाला.

तो हिंदच्या समुद्रात बुडाला. त्याच्याबरोबर त्याचा, मोशेंचा आणि इतरांचाही पैसा गेला. मागे विधवा आणि लहान मुलगी. रामबाम वर्षभर ज्वरानं अंथरुणाला खिळले. वैद्यकी त्यांना आधीपासून येत होती. आता तिच्यावर घर चालवायचं होतं. आठ वर्षांनंतर त्यांनी लिहिलं, की त्याचं हस्ताक्षर किंवा त्याचं एखादं पुस्तक दिसलं की काळीज हलतं. आयधाबचा कागद आज केंब्रिजमध्ये आहे. ते हस्ताक्षर कुणालाही पाहता येतं.

ज्या देशाला जाताना भाऊ गेला, त्याचा उल्लेख रामबाम यांनी पुढे फ्रान्समधल्या ल्युनेलच्या ज्यूंना लिहिलेल्या पत्रात केला. विद्या सगळीकडे आटत चालली आहे, हे सांगताना ते लिहितात: हिंदुस्थानातल्या ज्यूंना लिखित तोरा ठाऊक नाही, ते शनिवार पाळतात आणि आठव्या दिवशी सुंता करतात, एवढंच. गाव कुठलं ते सांगत नाहीत. आपल्याकडे कोकणात तेल गाळणाऱ्या बेने इस्रायली ज्यूंना शेजारीपाजारी 'शनवार तेली' म्हणत. शनिवारी त्यांचा घाणा बंद असायचा.